लेकीच्या फिडलला बाबांची साथ

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. मुलगी दहा वर्षांची, सहाव्या वर्षापासून सुझुकी पद्धतीने व्हायोलिन शिकते. २०२४ मध्ये रॅलेच्या ब्लूग्रास (अमेरिकेच्या दक्षिणेकडलं, तारांच्या वाद्यांवरचं संगीत) महोत्सवात तिने रस्त्यावर वाजवणारी तिच्याच वयाची मुलं पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरं काही ऐकू येत नाही. तिला आता फिडल, म्हणजे लोकसंगीताच्या ढंगाने व्हायोलिन, वाजवायचंय, वर बँजोही हवाय. मी लहानपणी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो, त्यापलीकडे मला काही येत नाही. पण हे तिच्याबरोबर करावं असं मनापासून वाटतं. अडचण अशी की ती वाजवायला बसली की मी चुका सांगतो आणि दहा मिनिटांत आमचं भांडण होतं. बँजो घ्यावा का? त्रेचाळिसाव्या वर्षी मी काय शिकू? व्हायोलिनच्या बाई म्हणतात हात बिघडेल. शिवाय या गाण्यांत एकतर खून, नाहीतर चर्च. आणि जिथे ही मंडळी जमतात तिथे आपल्यासारखे चेहरे जवळजवळ नसतातच. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी भांडणाचं बघू, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात. तुमचा कान तयार आहे आणि हात रिकामे आहेत, म्हणून तोंड चालतं. ती वाजवत असताना तुमच्याही हातात वाद्य असलं तर चुका काढायला सवड मिळणार नाही. स्वतःची लय सांभाळतानाच पुरेवाट होईल. तिला शिकवायला बाई आहेत. घरात तिला कमी आहे ती ठेका धरणाऱ्याची. ते काम तुम्ही घ्या, आणि त्यासाठी गिटार शिका.

तुमच्यापासून अडीच-तीन तासांवर, डीप गॅप नावाच्या डोंगरातल्या गावात डॉक वॉटसन राहायचे (१९२३–२०१२). दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली होती. फिडलच्या चाली गिटारवर वाजवायची जी रीत आज सगळीकडे दिसते, ती रुळवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. डॉक दौऱ्यावर असताना त्यांचा मुलगा मर्ल आईकडून गिटारचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) शिकला आणि १९६४ मध्ये, पंधराव्या वर्षी, बर्कलीच्या लोकसंगीत महोत्सवात वडिलांच्या साथीला बसला. त्यानंतर बापलेक वीस वर्षं एकत्र वाजवत राहिले. १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. १९८८ पासून त्याच्या नावाने विल्क्सबरोला दर एप्रिलमध्ये मर्लफेस्ट भरतो. मर्लनेही सुरुवात साथीनेच केली होती, एकलवादन पुढे आलं. तुमच्या घरी फक्त जागा उलट असतील: चाल लेकीकडे, साथ बाबांकडे.

गिटार साधी घ्या, सहा स्टीलच्या तारांची, विजेशिवाय चालणारी. यामाहाची एफजी ८०० किंवा त्या तोडीची कुठलीही अडीचशे डॉलरच्या आसपास मिळते आणि पहिली काही वर्षं सहज पुरते. मात्र घेतल्या घेतल्या ती दुरुस्तीवाल्याकडे नेऊन सेटअप करून घ्या. साठ ते शंभर डॉलर जातील, पण या सगळ्या खर्चात तेच पैसे सगळ्यात सार्थकी लागतात. स्वस्त नव्या गिटारच्या तारा बहुधा बोर्डापासून फार वर असतात. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे बोर्डावरची धातूची आडवी पट्टी) मोजलं तर सगळ्यात जाड तारेखाली २.४ मिलिमीटरच्या आसपास आणि सगळ्यात बारीक तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर अंतर असावं. ते जास्त असलं की बोटं सोलपटतात, कॉर्ड दाबून धरताना सूर चढतो आणि 'या वयात हे जमणार नाही' अशी समजूत करून घेऊन माणूस गिटार कपाटावर टाकतो. तारा 'लाइट', म्हणजे ०.०१२ च्या संचातल्या लावा. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, जाड हवं, एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पातळ पिक जाड तारेवर नुसतं फडफडतं.

कॉर्ड तीनच शिकायचे : जी, सी आणि डी. डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची हे कुठलाही व्हिडिओ दाखवतो. खरं काम उजव्या हाताचं आहे, कारण ब्लूग्रासमध्ये तालवाद्य नसतं; गिटार, बास आणि मँडोलिन मिळून ठेका धरतात. 'एक-दोन, एक-दोन' मोजा. 'एक'वर खर्जाची एकच तार, 'दोन'वर वरून खाली बारीक तारांवर फटकारा. पुढच्या 'एक'वर खर्जाची दुसरी तार, पुन्हा फटकारा. जी कॉर्ड असेल तर आधी सहावी तार, मग चौथी. सी असेल तर पाचवी, मग चौथी. डी असेल तर चौथी, मग मोकळी पाचवी. एवढं पक्कं झालं की साथ उभी राहते. यावर कितीही नक्षी नंतर करता येते.

भजनात वाढलेल्या माणसाला इथे एक सवय नडते. आपली टाळी समेवर, म्हणजे 'एक'वर पडते. या संगीताची उसळी 'दोन'वर असते; मँडोलिनवाला नेमका तिथेच तार दाबून कोरडा 'चक' वाजवतो. 'एक'वर टाळी वाजवली किंवा तिथे फटकाऱ्याइतका जोर दिला तर सगळी चाल जड होऊन खाली बसते. म्हणून मेट्रोनोमचा ठोका 'दोन' समजून वाजवायची सवय करा. सुरुवातीला विचित्र वाटेल, आठवडाभरात अंगवळणी पडेल. मिनिटाला ५० ठोक्यांवर सुरू करा. ७० ते ८० ला न अडखळता वाजवता आलं की नवख्यांच्या संथ बैठकीत, ज्याला इथे स्लो जॅम म्हणतात, बसायला हरकत नाही. नाचाचा वेग ११० ते १२० चा असतो, त्याची घाई करू नका.

पहिले दोन-तीन महिने एक गोष्ट हमखास बिघडेल: कॉर्ड बदलताना तुम्ही थांबाल. बोटं नव्या जागी बसेपर्यंत उजवा हात वाट बघत राहील, आणि चाल वाजवणारी पोर तोंडावर आपटेल. म्हणून नियम असा की बोटं पोचली नाहीत तर फटकारा सोडून द्या, 'एक'वरची तार मात्र वेळेवर वाजलीच पाहिजे. कॉर्ड हुकला तर तिला फारसं जाणवणार नाही. ठोका हुकला तर ती कोसळते. यासाठी एकट्याने करायचा सराव सोपा आहे. घड्याळ लावून एका मिनिटात जी-सी, जी-सी असे किती स्वच्छ बदल होतात ते मोजा. तीसपर्यंत पोचलात की तिच्यासोबत बसा. सी-डीचेही तसेच करा, तो बदल जास्त छळतो.

पेटीचा उपयोग इथे होईल, आणि भरपूर होईल. जॅममध्ये कोणी 'की ऑफ जी' म्हणालं की तुम्ही पांढरी पाच समजा. ए म्हणजे पांढरी सहा, बी म्हणजे पांढरी सात, सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन. तिथले लोक कॉर्डची नावं न घेता 'वन, फोर, फाइव्ह' असे आकडे बोलतात. 'वन' षड्जावरचा, 'फोर' मध्यमावरचा, 'फाइव्ह' पंचमावरचा. पट्टी कोणतीही असो, हे आकडे बदलत नाहीत. ज्याला सफेद-काळी पट्टीची सवय आहे त्याच्या हे पहिल्या दिवशी लक्षात येतं. इथल्या कित्येक नवशिक्यांना महिने लागतात.

आता पहिली चाल. 'बॉइल देम कॅबेज डाउन' ही पारंपरिक चाल घ्या, ती ए पट्टीत. फिडलवाल्यांना ए आणि डी पट्टी आवडते, कारण वाजवत्या तारेसोबत शेजारची मोकळी तार गुंजत ठेवता येते. तुम्ही गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जी पट्टीचेच कॉर्ड धरा. ऐकू येईल ती ए पट्टी. आठ मापांचा (एक माप म्हणजे 'एक-दोन, एक-दोन') क्रम असा : जी, सी, जी, डी, जी, सी, सातव्या मापात अर्धं जी-अर्धं डी, आणि आठव्यात जी. हे आठ माप झोपेत वाजवता यायला हवेत, कारण असंख्य गाणी याच तीन कॉर्डांच्या उलटापालटीवर उभी आहेत. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे चिकटून बसवा. दोन फ्रेटच्या मध्यावर बसला तर तारा खरखरतात किंवा सूर चढतो. बसवल्यावर पुन्हा एकदा सूर तपासायचाच.

दुसरी चाल 'ओल्ड जो क्लार्क'. हिच्यात निषाद कोमल आहे, बाकी स्वर शुद्ध. तुमच्या कानाला खमाज थाट लगेच ओळखू येईल. इथे मात्र कॅपो काढून ठेवा. कोमल निषादावरचा कॉर्ड लागतो आणि कॅपो लावून वाजवलात तर तो एफच्या आकाराने धरावा लागतो, जो नवशिक्याच्या बोटांना झेपत नाही. कॅपोशिवाय ए, जी आणि ई हे तीन मोकळे कॉर्ड पुरतात. अशा चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजवून मग पुन्हा पहिल्यावर यायचं. अस्ताई-अंतरा डोक्यात असलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

बसायला रोज वीस मिनिटं पुरेत. दोघांची वाद्यं क्लिप ट्यूनरवर सुरात लावून झाली की फोनवर तंबोऱ्याचं ॲप काढा, षड्ज पांढरी सहाला ठेवा आणि तिला चाल एकटीला, अगदी सावकाश वाजवू द्या. व्हायोलिनला फ्रेट नसतात, बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. हे आजवर तुम्ही तिला सांगत होता. आता तंबोरा सांगेल आणि तिला ते बोचणार नाही. इथे फिडल शिकवणारेही अशाच अखंड सुरावर मुलांचा रियाझ करून घेतात. (तंबोऱ्यावर जुळलेला गंधार गिटारच्या गंधारापेक्षा किंचित उतरा लागतो. गिटारही पेटीसारखी समान अंतरांत लावलेली असते, म्हणून. तिला हा फरक ऐकू आला तर कौतुक करा.)

मग तंबोरा बंद, आणि दोघं मिळून. चाल सलग दहा वेळा, मध्ये काहीही झालं तरी थांबायचं नाही. सुरुवात तिने करायची: फिडलवाले चालीच्या आधी दोन तारांवर 'लांब-आखूड-आखूड' असा चार ठोक्यांचा गज मारून वेग सांगतात, त्याला इथे 'पोटॅटोज' म्हणतात. वेग ती ठरवेल, तुम्ही पाळाल. दहा फेऱ्या संपल्या की आधी तिने तुमची एक चूक सांगायची, मग तुम्ही तिची एक. एकच. दुसरी सुचली तर उद्यासाठी ठेवा. आठवड्यातून एखाद्या दिवशी तिला वाजवायचं नसेल तर तुम्ही एकटे बसून कॉर्ड बदलत राहा. मुलं दुसऱ्या खोलीतून येऊन सामील होतात. बोलावल्यावर येतातच असं नाही.

बाईंच्या काळजीत थोडं तथ्य आहे. वाद्य एकच आहे, पण फिडल वाजवणारे कित्येक जण गज टोकापासून बराच वर धरतात, डाव्या हाताचं मनगट वाद्याच्या मानेला टेकवतात, हनुवटी न लावता छातीवर वाद्य ठेवतात. हे पाहून तिनेही तसं करायची गरज नाही. धरण्याची पद्धत बाईंचीच राहू द्या. बदलायचा आहे तो गजाचा वापर: पूर्ण गज न ओढता मधल्या भागात छोटे फटके, स्वरकंपन जवळजवळ नाही, आणि शेजारच्या तारेचा सूर सतत सोबत. कानाने शिकण्याची सवय सुझुकीत तिला आधीच लागलेली आहे, ती तर इथे सोन्याची किंमत राखते. बाईंना हे दुसरीकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा, आणि जमलं तर एखादी चाल त्यांच्यासमोर वाजवू द्या. गज हलका झालेला पाहून बहुतेक शिक्षकांचा विरोध मावळतो. कानाने नवी चाल उचलताना यूट्यूबचा वेग ०.७५ किंवा ०.५ करा; सूर तोच राहतो आणि प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

बँजो हवाच असेल तर भाड्याने आणा, इतक्यात विकत घेऊ नका. मागे लाकडी थाळी असलेला, ब्लूग्रासचा रेझोनेटर बँजो साडेचार-पाच किलोचा असतो. दहा वर्षांच्या खांद्याला ते जड आहे. मागून उघडा असलेला हलका बँजो दोन किलोच्या आसपास भरतो. पुढे घेतलात तर डीरिंगचा गुडटाइम हा त्यातला भरवशाचा, पाच-सातशे डॉलरचा. बँजो जी पट्टीत लावतात: षड्ज जी धरला तर चार लांब तारा प, सा, ग, प आणि अर्ध्यातूनच सुरू होणारी आखूड पाचवी तार वरचा सा. म्हणजे नुसती मोकळी झंकारली तरी कॉर्ड वाजतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांना नख्या लावून जी धबधब्यासारखी लय काढतात ती घडवणारे अर्ल स्क्रग्ज (जन्म १९२४) तुमच्याच राज्यातल्या शेल्बीजवळचे. डिसेंबर १९४५ मध्ये ते बिल मन्रो यांच्या ब्लू ग्रास बॉइज या वाद्यवृंदात आले आणि आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो त्याचा नाद तेव्हा ठरला. शेल्बीत २०१४ पासून त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, एक दिवस काढून तिला दाखवा.

बँजोच्या दोन खोड्या आधीच माहीत असू द्या. त्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती निखळते आणि नेमकी जागा हरवते. म्हणून तारा एकेक बदलायच्या. जागा हललीच तर बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून येणारा झंकार जुळवून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मानेपासून दूर, उतरा असेल तर मानेकडे सरकवायची. दुसरी खोडी म्हणजे पडदा, म्हणजे बँजोच्या तोंडावर ताणलेलं पातळ आवरण, सैल पडतो. मग घोडी खाली दबते, तारा फ्रेटला लागून खरखरतात. कडेचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी आवळायचे. एकाच बाजूने आवळत गेलात तर पडदा तिरका ताणला जाऊन फाटू शकतो. आणि शेजाऱ्यांसाठी: पडद्याच्या मागे, दांड्याखाली घडी घातलेला नॅपकीन खोचला की आवाज निम्म्यावर येतो.

तुम्हाला माझं मत विचारलंत तर दुसरं वाद्य म्हणून बँजोआधी मँडोलिन. त्याच्या तारा व्हायोलिनसारख्याच जी-डी-ए-ई लावलेल्या असतात, तिची डाव्या हाताची बोटं आहेत तशी उपयोगी पडतील. पण जीव बँजोवर जडला असेल तर वाद घालू नका.

घरात पाच-सहा चाली बसल्या की बाहेर पडा. इथे दोन वेगळी दालनं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'ओल्ड टाइम'च्या जॅममध्ये सगळे मिळून एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात, एकेक चाल दहा-पंधरा वेळा फिरते, कोणाची एकट्याची बारी नसते. ब्लूग्रासमध्ये प्रत्येकाला आळीपाळीने एक फेरी एकट्याने वाजवायची असते. लहान मुलीला घेऊन पहिल्यांदा ओल्ड टाइममध्ये बसा. चाल आली नाही तरी पाचव्या फेरीपर्यंत निम्मी बोटांत उतरते आणि कोणाचं लक्ष तिच्यावर खिळलेलं नसतं. पाच ते आठ माणसांचं रिंगण उत्तम; बारा-पंधरा जमले की फिडलचा लहान आवाज बुडतो.

पहिल्या दिवशी रिंगणाबाहेर उभं राहून दोन-तीन चाली ऐका, मग विचारून बसा. गिटारवाल्याच्या समोर बसा, म्हणजे त्याच्या डाव्या हाताकडे बघून कॉर्ड ओळखता येतील. त्याचा कॅपो कितव्या फ्रेटवर आहे हे आधी बघा. आधीच तीन-चार गिटार असतील तर तुम्ही फटकारे बंद ठेवा, नुसता खर्ज हळू वाजवा किंवा हात मांडीवर ठेवा. कोणी गात असेल किंवा एकट्याने वाजवत असेल तेव्हा बाकीच्यांनी आवाज इतका खाली आणायचा की त्याचा शब्द-शब्द ऐकू यावा. ब्लूग्रासमध्ये बारी देणारा नजरेने किंवा मानेने खुणावतो. तिला नको असेल तर तिने मान हलवून नाही म्हणायचं, त्यात कमीपणा नसतो. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी ती तुमच्याकडे बघत बसणार नाही. तिने बारी घेतलीच तर तुम्ही तिच्या शेजारी बसून खर्ज स्पष्ट आणि फटकारा हलका ठेवा. चाल सुरू करणाऱ्याने पाय उचलला की ती या फेरीला संपणार. पेटी नेऊ नका. घरी जरूर वाजवा, पण तिथल्या रिंगणात फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार, बास आणि डोब्रो (आडवी ठेवून वाजवायची गिटार) एवढीच वाद्यं मानतात, आणि पाहुण्याने त्याचा मान ठेवावा.

गाण्यात तुमचं भजन आड येईल, एवढं आधीच सांगतो. आपल्याकडे सगळे एकच चाल गातात. इथे दुसरा गाणारा वेगळे स्वर धरतो. तिचा आवाज उंच, म्हणून तुम्ही खालची बाजू घ्या. तिचा स्वर ज्या कॉर्डवर आहे त्या कॉर्डमधला लगेच खालचा स्वर तुमचा. 'वन'मध्ये सा-ग-प, 'फोर'मध्ये म-ध-सा, 'फाइव्ह'मध्ये प-नी-रे. ती सा वर असेल तर तुम्ही खालच्या पंचमावर, ती गंधारावर असेल तर तुम्ही षड्जावर. पहिल्या ओळीतच तुमचा गळा घसरून तिच्या चालीवर जाईल. तेव्हा आधी पूर्ण गाणंभर फक्त षड्ज धरून गा, मग 'फाइव्ह' आला की तेवढ्यापुरता पंचमावर जा, हळूहळू बाकीचं येईल. हरकती, मुरक्या पूर्ण वर्ज्य. दोन गळ्यांचे स्वर एकमेकांवर अचूक बसल्याशिवाय तो नाद निघत नाही. सुरुवातीला 'अमेझिंग ग्रेस' घ्या: स्वर सगळे भूपाचे, लय दादऱ्यासारखी तीन-तीनची, आवाका खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत. तिच्या वयाच्या मुलीला पांढरी दोन बहुधा सोयीची पडते.

चर्चची गाणी या परंपरेच्या गाभ्यात आहेत, ती टाळून जॅममध्ये बसता येत नाही. त्यातला देव कोणाचा हे तिला सरळ सांगा आणि गाऊ द्या. खुनाच्या गाण्यांचं वेगळं आहे. 'टॉम डूली'चंच बघा: १८६६ मध्ये विल्क्स काउंटीत लॉरा फॉस्टर नावाच्या तरुणीचा खून झाला, १८६८ मध्ये स्टेट्सव्हिलला टॉम ड्युलाला फाशी दिलं. गाणं मारणाऱ्याचं दुःख सांगतं, मेलेली मुलगी त्यात जेमतेम आहे. अशी पुष्कळ गाणी आहेत. दहा वर्षांच्या मुलीला ती लपवून ठेवू नका. पण आधी गोष्ट सांगा, लॉराचं नाव सांगा, आणि गायचं की नाही हे तिला ठरवू द्या. तोवर फिडलच्या शेकडो चालींना शब्दच नाहीत. काही जुन्या गाण्यांत मात्र काळ्या माणसांची टवाळी करणारे शब्द आहेत, ती गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून केलेल्या खेळांतून आली. ती घरात आणू नका.

वेगळ्या चेहऱ्यांबद्दल: बँजो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि या भूमीवर घडवला, आखूड तारेची युक्ती पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांतलीच आहे. तुमच्यापासून तासाभराच्या आत मेबन आहे. तिथले कृष्णवर्णीय फिडलर जो थॉम्पसन (१९१८–२०१२) वडिलांकडून वाजवायला शिकले होते. २००५ च्या सुमारास ग्रीन्सबरोच्या रिअनन गिडन्स आणि तिचे दोन साथीदार त्यांच्याकडे जाऊन बसू लागले, चाली उचलल्या आणि कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या नावाने वाजवत २०११ मध्ये ग्रॅमीपर्यंत पोचले. तुमच्या लेकीला त्यांचं वादन ऐकवा. रिंगणात काही लोक दोनदा वळून बघतील, कोणी 'कुठले तुम्ही' विचारेल. चाल नीट वाजली की पुढचा प्रश्न बहुधा 'अजून कोणती येते' हा असतो.

रॅलेची पाइनकोन ही संस्था जॅम आणि मुलांसाठी उन्हाळी शिबिरं भरवते, वेळापत्रक त्यांच्याकडून घ्या. तुम्ही पाहिलेला तो आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास महोत्सव २०२५ पासून टेनेसीतल्या चॅटनूगाला गेला. पण जूनच्या सुरुवातीला माउंट एअरीला आणि ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला फिडलवाल्यांचे मेळे भरतात. गॅलॅक्सचा तर १९३५ पासून. तिथे मंचावर स्पर्धा असते, मुलांचीही वेगळी असते, पण शिकायचं असेल तर तंबूंच्या मैदानात फिरा. रात्री उशिरापर्यंत ठिकठिकाणी रिंगणं चालू असतात आणि मुलांना मुद्दाम जवळ बसवून घेतात. जाताना फिडलची ई तार जादा न्या, तीच आधी तुटते. दोन घड्या होणाऱ्या खुर्च्या न्या, हाताच्या नकोत, कोपर अडतं. आणि वाद्यं बंद गाडीत ठेवू नका. उन्हात गाडी इतकी तापते की सरसाने जोडलेले सांधे सुटतात, व्हायोलिनचे सगळ्यात आधी.